एदिर्नेचे पडके हमाम आणि मामीचा बंब

हमाम म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांना आधी तो हिरवा साबण आठवतो. त्यामुळे मामांनी "आपण टर्कीला हमाम बघायला जातोय" असं जाहीर केलं तेव्हा मामीने भाजी निवडता निवडता विचारलं, "बघायला? अंघोळ काय बघायची गोष्ट आहे का?" आणि पुढचे दोन महिने हा प्रश्न आमच्या घरात गाजत राहिला.

मामा बांधकाम खात्यातून रिटायर झालेत. त्यांच्याबरोबर कुठलीही जुनी वास्तू बघायला जाणं म्हणजे जरा वेगळंच प्रकरण असतं. लोक नक्षी बघतात, हे गटार बघतात. औरंगाबादला पाणचक्कीला गेलो होतो तेव्हा आम्ही सगळे फोटो काढून, ऊसाचा रस पिऊन परत आलो तरी हे आपले खापरी नळांचा उतार कुठून कसा दिला असेल याच विचारात. ते आणि मामी मिळून कुठेतरी परदेशात जाणार होते, मुलगा येऊ शकत नव्हता, मग "भाचीला इंग्लिश येतं, गुगल मॅप येतो" म्हणून माझी वर्णी लागली. ऑक्टोबर २०१९ ची गोष्ट. पाच दिवस हमामांचे, बाकीचे दिवस सगळे करतात ते. बाकीच्या दिवसांबद्दल नेटवर भरपूर आहे, ते लिहीत नाही.

दिवस पहिला, इस्तंबूल

ट्रामने बेयाझितला उतरलो. रस्त्याला लागूनच बेयाझित हमाम आहे, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, दुसऱ्या बायझीद सुलतानाच्या काळातला. इस्तंबूलच्या मोठ्यात मोठ्या हमामांपैकी एक. आता तिथे अंघोळ होत नाही, २०१५ पासून इस्तंबूल युनिव्हर्सिटीने हमाम संस्कृतीचं म्युझियम केलंय. पण मामा आत जायच्या आधीच बाहेर भिंतीशी खाली बसले. मला वाटलं चक्कर आली की काय. तर ते जोत्याचा एक दगड बघत होते ज्याच्यावर सैनिक कोरलेत, ओळीने चालणारे, आणि चक्क उलटे! डोकं खाली पाय वर.

झालंय असं की याच जागी रोमन काळात थिओडोसियस बादशहाचा चौक होता आणि त्यात चौथ्या शतकाच्या शेवटी उभारलेला एक भलामोठा विजयस्तंभ, वरपर्यंत लढाईची चित्रं गुंडाळत नेलेला. साधारण १५०० च्या सुमारास तो उतरवला आणि त्याचे तुकडे हमामाच्या पायात घातले. सैनिक उलटे आहेत याचं गवंड्याला काही पडलेलं नव्हतं, त्याला दगडाचा सपाट भाग हवा होता. मामा म्हणाले, "गवंडी जगात कुठेही जा, सारखाच." मामी म्हणाली, "अहो उठा, लोक बघतायत."

आत संगमरवर, उजेड, काचेच्या कपाटात नक्षीचे टॉवेल, चांदीचे तांबे, शिंपले जडवलेल्या उंच लाकडी खडावा. बायकांच्या खडावा वीतभर उंच. आधी वाटलं फॅशन असेल, तर मुख्य कारण म्हणजे जमीन भाजते आणि वर साबणाचं पाणी वाहत असतं. का भाजते ते मला तेव्हा कळलं नव्हतं, म्हणजे पाटीवर वाचलं होतं पण कळलं नव्हतं, ते कळलं चौथ्या दिवशी.

इथला एक किस्सा सांगायलाच हवा. १७३० मध्ये इस्तंबूलात मोठं बंड झालं, सुलतान तिसरा अहमद गादीवरून गेला, त्याचा वजीर मारला गेला, ट्युलिपच्या फुलांपायी पैसा उधळणारा तो सगळा जमानाच संपला. बंडाचा म्होरक्या पत्रोना हलील. हा आधी आरमारात होता आणि नंतर याच हमामात अंग चोळणारा, म्हणजे तेल्लाक, होता असं सांगतात. दोनेक महिन्यांत त्यालाही मारलं. पण विचार करा, सुलतान बदलायचा कट शिजायला याच्याइतकी चांगली जागा कुठली, सगळे एकाच पंच्यावर बसलेले, कोण वजीर कोण हमाल काही कळायला मार्ग नाही.

दिवस दुसरा, प्रत्यक्ष अंघोळ

चेंबरलिताश हमाम. १५८४ चा, सुलतान तिसऱ्या मुरादच्या आईने, नूरबानूने बांधवलेला, आराखडा मिमार सिनानचा, म्हणजे ऑटोमन सुलतानांच्या नामांकित वास्तुकाराचा, म्हणतात. मामांनी आदल्या रात्री सांगून ठेवलं होतं की हमाम म्हणजे त्या काळचं उत्पन्नाचं साधन. मोठी माणसं मशीद, मदरसा, दवाखाना, अन्नछत्र असं सगळं धर्मादाय बांधायची, ते चालवायला पैसा लागणार, मग बाजारपेठेत एक हमाम बांधायचा, तो भाड्याने द्यायचा आणि भाडं वक्फला. या हमामाचं उत्पन्न नूरबानूच्या बॉस्फरसपलीकडच्या उस्कुदारातल्या मोठ्या मशिदीच्या संकुलाला जायचं. आपल्याकडे देवळाला जमीन इनाम द्यायचे तसंच, फक्त इथे जमिनीऐवजी गरम पाणी.

हा जोडहमाम आहे, पुरुषांचा एक आणि बायकांचा एक, पाठीला पाठ लावून. बायकांच्या बाजूचा कपडे बदलायचा दिवाणखाना मात्र पूर्वीसारखा नाही, एकोणिसाव्या शतकात समोरचा रस्ता रुंद करताना त्याचा भाग गेला. हे ऐकल्यावर मामा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "रस्तारुंदीत आम्हीही बरंच पाडलंय."

आता मामी. मामीचं म्हणणं होतं की ती फक्त बाहेर बसून चहा पिणार. काऊंटरवर पैसे भरून झाले होते त्यामुळे ती आत आली (पैसे भरलेत म्हटल्यावर आमच्याकडे कुणी मागे हटत नाही). पंचा, म्हणजे पेश्तमाल, तिने असा काही गुंडाळला की जणू नऊवारी. आत मधोमध तो मोठा संगमरवरी ओटा, गरम, त्याला गोबेकताशी म्हणतात म्हणजे बेंबीचा दगड, त्यावर बायका आडव्या पडलेल्या, वर घुमट आणि घुमटात गोल गोल भोकं आणि प्रत्येकातून उजेडाचा एक एक खांब खाली आलेला, वाफेमुळे तो खांब खरंच धरता येईल असा वाटतो. दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं. मग एक धिप्पाड बाई आली आणि खरखरीत पिशवी हाताला घालून घासायला लागली. या पिशवीला केसे म्हणतात. मामीच्या अंगावरून मळाच्या वळकट्या निघायला लागल्या तेव्हा ती इतकी ओशाळली की मला म्हणाली, "अगं हिला सांग मी रोज अंघोळ करते." मी हसून हसून ओट्यावरून घसरले.

आणि मग ती बाई साबणाच्या फेसाचा ढग करून अंगावर सोडते ना, तेव्हा मामी डोळे मिटून म्हणाली, "आजी नरकचतुर्दशीला अशी घासायची. वज्रीने." बाहेर आल्यावर चहा तिने तीन ग्लास प्यायली आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी भांडली नाही.

कोपऱ्याकोपऱ्यात भिंतीला लागून संगमरवरी कुंड्या असतात, कुर्ना म्हणतात, गरम आणि थंड असे दोन नळ आणि खाली पाणी जायला भोकच नाही! पाणी भरून वाहतं आणि जमिनीवरच्या पन्हळीतून निघून जातं. तांब्याने घ्यायचं आणि अंगावर ओतायचं, त्यात बुडायचं नाही. वाहतं पाणी शुद्ध, साठलेलं नाही, म्हणून रोमनांसारखे पोहायचे हौद या हमामांत सहसा नसतात, गरम पाण्याच्या झऱ्यावरचे सोडून. ही गोष्ट मला फार ओळखीची वाटली. आपण नाही का बादली आणि तांब्यावाले, टबात बसून आपल्याच मळात भिजणं म्हणजे काय ते अजून पचत नाही.

दिवस तिसरा, एदिर्ने

बसने एदिर्ने. बस झकास, मध्ये चहा आणि केक देतात. एदिर्नेच्या स्टँडवरून गावात यायला मात्र एकाने आम्हाला भलत्याच मिनीबसमध्ये बसवलं आणि आम्ही एका सिमेंटच्या कॉलनीत पोचलो, त्याचं पुराण नको.

एदिर्ने म्हणजे जुनं एड्रियानोपल. इस्तंबूल जिंकायच्या आधी ऑटोमनांची राजधानी इथे होती. बल्गेरिया आणि ग्रीसची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. सेलिमिये मशीद बघितली, सिनानचीच, १५७५ ला पूर्ण झालेली, घुमट एकतीस मीटरहून जास्त रुंद आणि आत उभं राहिलं की आवाजच फुटत नाही. मामांनी विजापूरच्या गोलघुमटाशी तुलना सुरू केली (विजापूरचा मोठा, असं त्यांनी मशिदीच्या रखवालदारालाही सांगितलं, मराठीत).

जेवणात इथली खासियत तळलेली लिव्हर. पातळ काप, कुरकुरीत, वर सुक्या लाल मिरच्या. मी दोन प्लेट. मामीने दही, पाव आणि माझ्याकडे रागाने बघणं एवढ्यावर भागवलं.

मग ती बाजारात शिरली आणि तिला फळांचं दुकान दिसलं. सफरचंदं, पीच, द्राक्षांचे घड, अंजिरं. तिने एक सफरचंद उचलून वास घेतला आणि ओरडली, "अगं साबण आहे हा!" एदिर्नेचे फळांच्या आकाराचे साबण जुन्या काळापासून प्रसिद्ध आहेत, सुलतानांच्या महालातही जायचे म्हणतात. तुर्कीत साबणाला साबुन, दुकानाला दुक्यान आणि हौदाला हावुझ. मामीला एवढं कळल्यावर तिने बिनधास्त मराठीतच भाव केला आणि तिला मिळालाही.

रात्री हॉटेलवर एक गंमत वाचून दाखवली तिला. १७१७ मध्ये लेडी मेरी माँटेग्यू नावाची इंग्रज राजदूताची बायको सोफियात हमामात गेली होती आणि त्याचं वर्णन तिने इथूनच, एदिर्नेहून, १ एप्रिलच्या पत्रात लिहिलं. आतल्या बायकांनी तिला कपडे काढ म्हणून आग्रह केला, ती नाही नाही म्हणत शेवटी वरचे उघडले तर आत तो इंग्रजी कडक कॉर्सेट. बायकांना वाटलं हिच्या नवऱ्याने हिला या यंत्रात कुलूप लावून ठेवलंय. मामी खूप वेळ हसली, मग म्हणाली, "बरोबर, मला तरी काय, पंचा सुटेल म्हणून मी तिथे श्वासच घेत नव्हते."

दिवस चौथा, गाझी मिहाल

आज खरा दिवस. सकाळी थंडी आणि धुकं. गावाच्या पश्चिमेला तुंजा नदी ओलांडून गेलं की गाझी मिहालची मशीद आणि त्याच्या जवळ त्याच्याच हमामाचे अवशेष. १४२२ च्या आसपासचं बांधकाम, म्हणजे इस्तंबूल पडायच्या तीस वर्षं आधीचं. हा गाझी मिहाल सरहद्दीवरच्या घोडेस्वारांच्या एका बड्या घराण्यातला, ज्यांचा मूळपुरुष मुळात बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या, बाजूचा सरदार होता आणि मग उस्मानला, ऑटोमन घराण्याच्या संस्थापकाला, येऊन मिळाला.

तिकीट नाही, गर्दी नाही, एक कुत्रं आणि आम्ही तिघं. पहिल्या नजरेला नुसता दगडविटांचा ढिगारा वाटला, घुमट फुटलेले, माथ्यावर गवत, भेगेतून झाड उगवलेलं. मामी म्हणाली, "यासाठी तीन तास बसमध्ये बसलो?" मामांना ऐकूच आलं नाही. ते भिंतीपाशी पोचले होते.

आणि मला कबूल करायचंय की त्या संगमरवरी चकाचक हमामात जे मला कळलं नव्हतं ते या ढिगाऱ्यात अर्ध्या तासात कळलं. कारण धड हमामात तुम्हाला फक्त कातडी दिसते. इथे पोट फाटलेलं होतं, आतडी दिसत होती.

आधी भिंत. दगडाचा एक थर मग विटांचे थर मग परत दगड, ही पद्धत बायझंटाईनांकडून उचललेली. सुरुवातीच्या ऑटोमन कामात सगळीकडे दिसते. दिसायला छान पट्टेदार, पण मामा म्हणाले भूकंपाच्या मुलखात विटांचा आडवा पट्टा भिंतीला एकत्र बांधून ठेवतो. मग त्यांनी आतल्या बाजूच्या उरलेल्या गिलाव्याला बोट लावलं. फिकट गुलाबी. "सुरखी!" असे ओरडले की कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. इथे त्याला खोरासान म्हणतात, पण वस्तू तीच, चुन्यात विटांची पूड. नुसता चुना पाण्यात टिकत नाही, विटांची पूड घातली की तो ओलाव्यातच घट्ट होतो. शनिवारवाड्याच्या कारंज्यापासून इथपर्यंत एकच फॉर्म्युला, असं मामांचं मत, मी त्यांचा उत्साह मोडला नाही.

मग भिंतीच्या पोटात उभी पोकळी दिसली. गिलावा पडल्यामुळे उघडी पडलेली, आत काजळी धरल्यासारखी. मी म्हटलं पाण्याचा पाईप असेल. मामा म्हणाले, "पाण्याचा नाही गं, धुराचा."

आता हे सगळं कसं चालतं ते सांगते, कारण हे कळलं की कुठलाही हमाम वेगळाच दिसायला लागतो. मागच्या बाजूला एक भट्टी असते, कुल्हान. तिच्यावर भिंतीतच बसवलेला तांब्याचा भला मोठा हंडा, त्याला जोडून पाण्याची टाकी. खाली लाकडं जळतात आणि पाणी तापतं. इथपर्यंत कुणालाही सुचेल. पण तो जाळ आणि धूर चिमणीतून लगेच बाहेर सोडत नाहीत, एवढी ऊष्णता फुकट कोण घालवेल, तर तो आधी हमामाच्या जमिनीखाली सोडतात. सगळी फरशी बुटक्या खांबांवर उचललेली असते आणि खाली माणूस रांगेल एवढी पोकळ जागा. त्या जागेतून तापलेली हवा फिरते, फरशी तापते, मग ती भिंतीतल्या उभ्या मातीच्या नळ्यांमधून वर चढते आणि भिंती तापवत तापवत छपरावर बाहेर पडते. म्हणजे पाणी, जमीन, भिंत तिन्ही एकाच जाळावर. रोमन लोकांची युक्ती ही, पुढे अरबांनी, सेल्जुकांनी, ऑटोमनांनी चालू ठेवलेली.

आणि त्या फरशीखालच्या पोकळीचं नाव काय, तर जेहेन्नेमलिक. जेहेन्नेम म्हणजे आपलं जहन्नम! वर लोक फेसात लोळतायत, गप्पा मारतायत, आणि एक वीत दगडाखाली नरक. या नावावर मामी फिदा झाली. एका कोपऱ्यात जमीन खचली होती तिथून ती वाकून बघत राहिली, दिसत तर काही नव्हतं, माती आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या.

उन्हं वर आल्यावर आतली विभागणी लक्षात यायला लागली. हमामात एकदम गरम खोलीत नेत नाहीत. आधी मोठा दिवाणखाना कपडे बदलायला आणि नंतर पडून चहा-सरबत घ्यायला, मग कोमट खोली, मग गरम खोली आणि तिच्या कडेला छोट्या खासगी खोल्या. दारं मुद्दाम बुटकी आणि अरुंद, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून, वाड्यातल्या माजघराच्या दारासारखी, वाका नाहीतर कपाळमोक्ष. आणि पडझडीतही एक हिशेब असतो हे मामांनी दाखवलं. पुढचा दिवाणखाना मोठ्या गाळ्याचा, त्यावर मोठा घुमट किंवा कधी नुसतं लाकडी छत, म्हणून तो आधी जातो. मागच्या गरम खोल्या लहान, भिंती जाड, घुमट छोटे, त्या राहतात. त्यामुळे पडका हमाम बहुतेक मागच्या बाजूने शिल्लक असतो.

एका अर्धवट घुमटात ती उजेडाची भोकं अजून होती. काचा कधीच गेलेल्या. पूर्वी प्रत्येक भोकावर घंटेच्या आकाराची फुगीर काच बसवायचे, तिला फिल गोझू म्हणजे हत्तीचा डोळा म्हणतात. फिल म्हणजे हत्ती, आपल्या जुन्या कागदांत फीलखाना येतो तोच फील. भिंतीला खिडक्या नसतात, एकतर आडोसा हवा आणि दुसरं म्हणजे ऊब पळते, म्हणून सगळा उजेड वरूनच. आणि घुमटच का, तर एक उत्तर असं की सपाट छताला वाफ धरली की गार थेंब टपटप डोक्यावर पडतात, घुमटावरून ते ओघळून भिंतीने खाली येतात. आता त्या भोकांमधून पारवे ये-जा करत होते.

दुपारी मशिदीच्या पायरीवर बसून डब्यातले ठेपले खाल्ले (हो, पुण्याहून). मी विचारलं, एवढं डोकं लावून बांधलेले हमाम बंद का पडले. मामा म्हणाले, जळणाचा हिशेब कर. असा एक हमाम म्हणजे भट्टी कधी पूर्ण विझवायचीच नाही, कारण एवढा दगड एकदा गार झाला की परत तापवायला दिवस जातात. इस्तंबूलला तर लाकूड आणि पाणी दोन्ही इतकं कमी पडायला लागलं की १७६८ मध्ये सुलतान तिसऱ्या मुस्तफाने नवे मोठे हमाम बांधायलाच बंदी घातली. मग पुढे घरोघरी नळ आला, बाथरूम आली, वक्फची व्यवस्था मोडली, कुणी हमामाचं गोदाम केलं, कुणी दुकान, कुणी काहीच नाही.

"आणि भट्टीपाशी कोण असायचं?" हे मामीने विचारलं. मामांना तिचा प्रश्न आधी कळलाच नाही. ती म्हणाली, "दिवसरात्र जाळ म्हणता, मग कुणीतरी तिथे बसत असेल ना."

ते मी वाचलं होतं. इस्तंबूलमध्ये बेघर, अनाथ पोरं हिवाळ्यात या भट्ट्यांच्या उबेला झोपायची, राखेत. त्यांच्या टोळ्या बनल्या, त्यांचे नियम, त्यांची भाषा. त्यांना कुल्हानबेयी म्हणायचे, भट्टीचे सरदार, आणि आज तुर्कीत त्या शब्दाचा अर्थ गल्लीतला दादा, टगा. मामी काही बोलली नाही. ठेपल्याचा तुकडा कुत्र्याला टाकला.

दिवस पाचवा, सरायइची

शेवटचा दिवस, संध्याकाळची बस. तुंजेच्या काठाने चालत सरायइचीला गेलो, म्हणजे "महालाच्या आत". महाल म्हणाल तर नाही. १४५० मध्ये दुसऱ्या मुरादने सुरू केलेला आणि त्याच्या मुलाने, इस्तंबूल जिंकणाऱ्या मेहमेदने पुरा केलेला हा प्रचंड राजवाडा. सतराव्या शतकात चौथा मेहमेद तर बराचसा काळ इथेच राहायचा, शिकारीचं वेड होतं त्याला. मग १८७७-७८ चं रशियाबरोबरचं युद्ध आलं. रशियन फौज जवळ आली तेव्हा महालात दारूगोळा साठवलेला होता, तो शत्रूच्या हाती पडू नये म्हणून इथल्याच लोकांनी तो उडवून दिला, आणि महाल त्याच्याबरोबर गेला. चारशे वर्षांचं काम आपल्याच हाताने. उरलेले दगड मग ज्याला हवे त्याने नेले.

आम्ही गेलो तेव्हा तिथे गवत, खणकामाचे चौकोन, पत्र्याचं कुंपण, मधला जहाँनुमा कसरचा, म्हणजे महालाचा, मोडका मनोरा. मुदपाकखान्याची इमारत मात्र दुरुस्त करून उभी केलीय, तिचं तुर्की नाव मतबाह-इ आमिरे. मामांना मी सांगितलं की आपला मुदपाकखाना याच मतबख शब्दावरून आलाय. ते म्हणाले, "म्हणजे शब्द आपल्याकडे टिकला आणि भिंती यांच्याकडे."

आणि जहाँनुमापासून थोडं बाजूला कुम कसरीचा हमाम. कुम म्हणजे वाळू, वाळूच्या चौकाजवळचा महाल, त्याचा खासगी हमाम, मेहमेदच्या काळातला. महाल गेला. हमाम आहे! छोटासाच, बुटके घुमट, विटा दिसतायत, गावातल्या हमामासारखा बाजारासाठी नाही, घरचा. आदल्या दिवशीचा मामांचा नियम इथे हुबेहूब लागू पडत होता. लाकडाच्या आणि उंच नक्षीदार गोष्टी स्फोटात, आगीत, चोरीत गेल्या आणि जाड भिंतींची जमिनीला चिकटून बसलेली न्हाणी तेवढी राहिली. बादशहाच्या सिंहासनाची जागा खड्ड्यात शोधावी लागते आणि तो अंघोळ कुठे करायचा ते मात्र दुरून दिसतं.

पलीकडे कुस्तीचं मोठं स्टेडियम आहे, कर्कपिनार, अंगाला ऑलिव्हचं तेल चोपडून खेळतात त्या कुस्त्यांचं. उन्हाळ्यात भरतात, आम्हाला रिकामं मैदान मिळालं. पैलवानाला तुर्कीत पेहलिवान म्हणतात, बाहेर त्यांचे पुतळे आहेत आणि एका पुतळ्याचे खांदे बघून मामांना त्यांच्या गावचे कुणी वस्ताद आठवले, तो किस्सा मी आधी आठ वेळा ऐकलाय. तिथेच जवळ बाल्कन युद्धाचं स्मारक आहे. १९१३ मध्ये एदिर्ने बल्गेरियनांच्या हाती पडलं तेव्हा पकडलेल्या तुर्की सैनिकांना इथे कोंडून ठेवलं होतं, उपासमारीने झाडांच्या साली खाल्ल्या म्हणतात. तिथे आम्ही फार बोललो नाही.

परत हमामापाशी आलो तर मामी दिसेना. मामा हाका मारतायत. ती हमामाला वळसा घालून मागच्या बाजूला गेली होती, जिथे कुणी फोटो काढत नाही. साताऱ्याच्या वाड्यात लहानपणी सगळ्या घराच्या अंघोळीचा बंब पेटवायचं काम तिच्याकडे होतं, हे मला माहीत होतं पण कधी लक्षात घेतलं नव्हतं. पहाटे चारला उठून, शेण्या, भुसा, ढलप्या, आणि तिची स्वतःची अंघोळ सगळ्यात शेवटी, तोपर्यंत पाणी कोमट.

ती भिंतीला हात लावून उभी होती. म्हणाली, "चूल इथेच असणार बघ. वारा नदीकडून येतोय, जाळ आपोआप आत ओढला जाईल."

मामांनी रुमाल वर धरून वारा बघितला. मग डायरी काढली, हमामाचा आराखडा ते सकाळपासून काढत होते, आणि त्यात मागच्या बाजूला एक फुली मारून काहीतरी लिहिलं. बसमध्ये ते झोपल्यावर मी डायरी उघडून बघितली. फुलीपाशी लिहिलं होतं, "भट्टी. सौ. च्या मते."